नावातलं पाणी

लू शुन यांच्या ‘मूळ गाव’ या कथेत एका मुलाच्या नावाचं कारण एका वाक्यात सांगून टाकलेलं आहे. मुलगा अधिक महिन्यात जन्मला, त्याच्या जन्मवेळेत पाच तत्त्वांपैकी मातीची उणीव निघाली, तेव्हा बापाने नाव ठेवलं रुनथू. ‘रुन’ म्हणजे अधिक महिना, ‘थू’ म्हणजे माती. चिनी वाचक या वाक्यावर अडत नाही. त्याला नाव आणि नावाचं कारण ही दोन्ही एकाच अक्षरांत लिहिलेली दिसतात. मराठी किंवा हिंदी वाचकाला मात्र लेखक सांगतोय म्हणून मान्य करावं लागतं. अधिक महिना आणि माती यांतून ‘रुनथू’ कसं निघालं, हे आपल्या लिपीत दिसत नाही.

ही कथा १९२१ साली प्रसिद्ध झाली आणि १९२३च्या लू शुन यांच्या पहिल्या कथासंग्रहात आली. रुनथू हे पात्र कुणावरून बेतलं, हेही चिनी अभ्यासकांना ठाऊक आहे. शाओशिंगमधल्या लू शुन यांच्या घरी कामाला येणाऱ्या माणसाचा मुलगा, जांग युनश्वे. त्याच्या नावातलं शेवटचं अक्षर, ‘श्वे’, म्हणजे पाणी. शाओशिंगच्या बोलीत ‘युन’ आणि ‘रुन’ यांचा उच्चार सारखा होतो. लेखकाने पहिल्या अक्षराचा ध्वनी ठेवला, अर्थ बदलला आणि दुसऱ्या अक्षरातलं पाणी काढून तिथं माती घातली. खऱ्या आयुष्यातला पाण्याचा मुलगा कथेत मातीचा झाला.

हा बदल केवळ ओळख लपवण्यासाठी केला असेल असं मला वाटत नाही. रुनथू शेतकरी आहे. मातीत राबणाऱ्याच्या नशिबातच माती कमी आहे आणि ती नावाने भरून काढली आहे, अशी ही मांडणी आहे. तीस वर्षांनी निवेदक त्याला भेटतो, तेव्हा पोरंबाळं, दुष्काळ, कर, सैनिक, दरोडेखोर, सरकारी अंमलदार आणि जमीनदार यांनी मिळून त्याचा दगडी पुतळा केलेला असतो. नावाने भरलेली माती काही कामाला आली नाही. त्या एका वाक्यातलं नावाचं कारण वाचकाला कळलं नाही, तर हा उपरोधही हातातून जातो. म्हणून नावाचं भाषांतर हा तळटीपेत उरकण्याचा विषय नाही.

आपल्याकडे आता इंग्रजीतून चिनी नावांच्या याद्या येतात. मुलग्यासाठी पाण्याच्या अर्थाची नावं हा त्यातला एक लोकप्रिय कप्पा. हाय म्हणजे समुद्र, ज्यांग म्हणजे मोठी नदी, ताओ म्हणजे लाटा, झे म्हणजे तळं, हाओ म्हणजे अथांग, म्याओ म्हणजे पाणीच पाणी. वेगळं आणि छोटं नाव हवं असणाऱ्या आईबापांना त्या आवडतात. पण या याद्यांत पाणी नाही. पाणी अक्षरात होतं आणि यादीत फक्त त्याचा आवाज उतरला आहे.

चिनी लिपीत पाण्याशी नातं असलेल्या पुष्कळ अक्षरांच्या डाव्या बाजूला तीन छोटे फटकारे असतात. त्यांना ‘पाण्याचे तीन थेंब’ असंच म्हणतात. म्याओ या अक्षरात तर पाण्याचं पूर्ण चिन्ह तीन वेळा येतं, वर एक आणि खाली दोन. नाव ऐकणाऱ्याला हे कळेलच असं नाही. ते वाचणाऱ्याला कळतं. म्हणून चिनी माणूस ओळख करून देताना पुष्कळदा सांगतो, की अमुक शब्दातलं अमुक अक्षर. नावाचा आवाज हा त्या नावाचा अर्धाच भाग असतो.

मराठी वर्तमानपत्रांनी या अर्ध्या भागाचं काय केलं ते पाहण्यासारखं आहे. माओ त्सेतुंग आणि जियांग झेमिन ही दोन नावं आपण वर्षानुवर्षं वाचली. पहिल्यातला ‘त्से’ आणि दुसऱ्यातला ‘झे’ हे एकच अक्षर आहे. अर्थ पाणथळ जागा, तळं, आणि त्यावरून कृपा, लाभ. माओ यांचं नाव रोमन लिपीत जुन्या पद्धतीने रूढ झालं होतं, तर १९७९पासून चिनी सरकारी वृत्तसंस्थेने नवी पद्धत स्वीकारली. आपण दोन्ही वेळा रोमनवरून देवनागरीत आलो. परिणामी एकाच तळ्याचे दोन आवाज झाले. उलटही घडलं. हू जिंताओ यांच्या नावातला ‘ताओ’ म्हणजे मोठ्या लाटा, त्याच्या डाव्या बाजूला पाण्याचे थेंब आहेत. लाओत्सेंचा ‘ताओ’ म्हणजे मार्ग, त्यात पाण्याचं चिन्ह नाही. देवनागरीत दोन्ही ‘ताओ’. एका पाण्याचे आपण दोन शब्द केले आणि दोन शब्दांचा एक.

तीन थेंब दिसले म्हणजे अर्थ ओलाच, असंही नाही. ‘फा’ म्हणजे कायदा, त्यातही हे थेंब आहेत. ‘शू’ म्हणजे सुशील, हे जुन्या पिढीतल्या बायकांच्या नावांत सतत येणारं अक्षर, त्यातही आहेत. अश्रू आणि बुडणे या अर्थांच्या अक्षरांतही आहेत, आणि ती कुणी मुलाच्या नावात घेत नाही. चिनी लोक स्वतःला ज्या नावाने ओळखतात ते ‘हान’ हे अक्षर मुळात एका नदीचं. नदीवरून प्रदेश, प्रदेशावरून राजघराणं आणि घराण्यावरून लोक. सिंधूवरून हिंदू हा शब्द ज्या वाटेने आला, जवळपास तीच ही वाट. आपल्या शब्दातली नदी ऐकून ओळखावी लागते. त्यांच्या अक्षरात ती अजून डोळ्यांना दिसते.

मुलाच्या नावात पाणी का घालायचं, याचं परंपरेतलं उत्तर असं. जन्माचं वर्ष, महिना, दिवस आणि वेळ यांची दोन-दोन मिळून आठ अक्षरं होतात. प्रत्येक अक्षर लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी यांपैकी एका तत्त्वाकडे जातं. मोजणी केल्यावर एखादं तत्त्व कमी निघालं, तर ते नावाने भरायचं. पाणी कमी असेल तर म्याओ. धातू कमी असेल तर धातूचं चिन्ह तीन वेळा असलेलं ‘शिन’, लाकूड कमी असेल तर तीन झाडांचं ‘सन’. शहाणी माणसं याला हसतात आणि तरीही पुष्कळ घरांत ही मोजणी होते, हे आपल्याला परकं वाटण्याचं कारण नाही.

आपली मोजणी वेगळी. नक्षत्राच्या चरणावरून पहिला ध्वनी ठरतो. अश्विनीला चू, चे, चो, ला. पुढे त्या ध्वनीचं कोणतं नाव ठेवायचं हे घरच्यांवर. कर्क, वृश्चिक आणि मीन या आपल्या जलराशी, पण नावाच्या अर्थाशी त्या जलाचा काही संबंध नसतो. मीन राशीतल्या ‘दी’ या ध्वनीवर आपण खुशाल दीपक ठेवतो. पाण्याच्या राशीचा मुलगा आणि नावाने दिवा! आपल्या परंपरेला यात विसंगती दिसत नाही, कारण तिच्या लेखी नाव कानासाठी आहे. चिनी परंपरेत ते डोळ्यांसाठीही आहे. या दोन परंपरांमध्ये नावाचं भाषांतर करताना अडचण येते ती इथं.

आता आपल्या मुलग्यांच्या नावांत पाणी कुठं आहे ते पाहू. गंगा, गोदावरी, कृष्णा, नर्मदा, कावेरी या मुली. मुलगा गंगाधर किंवा गंगाराम होतो. नीरज, जलज, अंबुज, सरोज, पंकज या सगळ्यांचा अर्थ कमळ, म्हणजे पाण्यात किंवा चिखलात जन्मलेला. नीरद आणि जलद म्हणजे ढग, पाणी देणारा. वरुण म्हणजे पाण्याचा स्वामी. संस्कृत समासाने पुरुषाला पाण्याच्या शेजारी उभं केलं आहे. तो पाणी धरतो, देतो, त्यातून जन्मतो, त्यावर राज्य करतो. तो स्वतः पाणी असणं क्वचितच. सागर आणि सलिल हे अपवाद. चिनी नावात मुलगा सरळ नदी असतो, समुद्र असतो, लाट असतो. तिथं व्याकरणात लिंग नाही, त्यामुळे नदीला बाई ठरवून मग मुलग्यासाठी आडवाट शोधावी लागत नाही.

मी हे भिलाईत बसून लिहितो आहे. इथून जवळच, दुर्गला लागून वाहणाऱ्या नदीचं नाव शिवनाथ. महानदीची ही मोठी उपनदी. आपल्या मराठी कानाला हे आधी खटकतं. नदी आणि नाव शिवनाथ? मराठीत लिहिताना लगेच पेच पडतो, शिवनाथ वाहतो की वाहते? हिंदीने ‘नदी’ हा शब्द मनात धरून ‘बहती है’ म्हणून टाकलं. छत्तीसगढीला हा प्रश्नच पडत नाही, कारण तिच्या क्रियापदात असा लिंगभेद नाही. टूरा जाथे, टूरी जाथे. मुलगा असो की मुलगी, ‘जाथे’ एकच. या भागात शिवनाथ नावाचे पुरुष आहेत. नाव महादेवाचं म्हणून ठेवलेलं असतं, पण तेच गावाशेजारच्या नदीचंही असतं. मुलगा सरळ नदी असण्याच्या चिनी रीतीच्या इतकं जवळ येणारं नाव महाराष्ट्रात मला आठवत नाही.

पण छत्तीसगढीतलं पाण्याचं खरं नाव शिवनाथ नव्हे. ते दुकालू.

दुकाल म्हणजे दुष्काळ. पाऊस दगा देतो त्या वर्षी जन्मलेला मुलगा दुकालू. पीक चांगलं आलं त्या वर्षीचा सुकालू. जसगीत गाणारे दुकालू यादव यांच्यामुळे पहिलं नाव छत्तीसगढबाहेरही ऐकू गेलं असेल. इथल्या खेड्यांत नावं दिनदर्शिकेवरून ठेवण्याची जुनी रीत आहे. सोमवारचा समारू, मंगळवारचा मंगलू, बुधवारचा बुधारू, चैत्रातला चैतू, फाल्गुनातला फागू. त्याच रीतीने एखाद्या वर्षाचं नाव मुलाला मिळतं. धानाच्या या मुलखात वर्षाला नाव देतो तो पाऊस. त्यामुळे दुकालू हे पाण्याचंच नाव आहे, फक्त ते न आलेल्या पाण्याचं आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन मोठ्या दुष्काळांत मध्य प्रांताबरोबर छत्तीसगढही होरपळलं. त्या काळाच्या सरकारी नोंदी इंग्रजीत लिहिल्या गेल्या. गावाने त्या मुलांच्या नावांत लिहिल्या.

रुनथू आणि दुकालू शेजारी ठेवले, की नाव ठेवण्याच्या दोन वेगळ्या तऱ्हा दिसतात. चिनी नाव उणीव ओळखतं आणि ती भरून काढतं. पाणी कमी असेल तर नावात पाणी. छत्तीसगढी नाव उणीव भरत नाही, ती लिहून ठेवतं. पाणी आलं नाही, तर नावातही ते आलं नाही हेच. पहिली मागणी आहे, दुसरी नोंद.

मराठीत तिसरी तऱ्हा आहे. धोंडू, दगडू, केरू, भिकू. आधीची मुलं जगली नाहीत, तर पुढच्याला मोल नसलेलं नाव द्यायचं, म्हणजे मृत्यूची नजर त्याच्यावर पडू नये. छत्तीसगढीत याला जोड म्हणजे बिसाहू, विकत घेतलेला. मूल जणू दुसऱ्याला विकून परत विकत घेतलं, ते आपलं नव्हेच, असा बहाणा. आपल्याकडे मुलग्याचं नाक टोचून त्याला नथू म्हणत, म्हणजे मृत्यूला वाटावं ही मुलगीच. यात मागणीही नाही आणि नोंदही नाही. ही हुलकावणी आहे. हेही विसरू नये, की मुलींच्या वाट्याला मराठीत याहून कडू नाव आलं. नकोशी. सातारा जिल्ह्यात २०११ साली या नावाच्या मुलींना समारंभाने नवी नावं दिली गेली. तिथं नशिबाला फसवायचं नव्हतं. आईबापांची नाराजी नोंदवून मुलीच्या गळ्यात बांधली होती.

लू शुन यांच्या कथेत मागणीबरोबर हुलकावणीचा एक भाऊबंदही आहे. लहानग्या रुनथूच्या गळ्यात चांदीचं कडं असतं. पोरगं मरू नये म्हणून बापाने देवाला नवस करून त्याला जणू अडकवून ठेवलेलं. नावाने माती भरली आणि कड्याने जीव बांधला. नाक टोचलेल्या नथूला हे कडं समजावून सांगावं लागलं नसतं.

मग मराठीत रुनथूचं काय करायचं? एक मोहात पाडणारं उत्तर आहे. अधिक महिन्याला आपण धोंड्याचा महिना म्हणतो. धोंडा म्हणजे दगडही. चिनी नावातले दोन्ही अर्थ, अधिक महिना आणि माती, मराठीत एका ‘धोंडू’त जवळजवळ पूर्ण मावतात. दोन्ही पंचांगांचा नियमही सारखाच आहे. ज्या चांद्रमासात सूर्याचं संक्रमण येत नाही तो अधिक. शिवाय कथेच्या शेवटी रुनथू दगडी पुतळ्यासारखा झालेला असतो. धोंड्याच्या महिन्यात जन्मला म्हणून धोंडू, असं लिहिलं तर ते ‘म्हणून’ मराठीत चिनीइतकंच घट्ट बसेल. भाषांतरकाराला आयुष्यात असा योग फार वेळा येत नाही.

तरीही मी ते करणार नाही. धोंडू म्हटल्याबरोबर मराठी वाचकाच्या मनात हुलकावणी जागी होते, मुलाला मुद्दाम हलकं नाव दिलं असं वाटतं. रुनथूच्या बापाने त्याला हलकं नाव दिलं नव्हतं. कमी असलेली चांगली वस्तू दिली होती. मागणीच्या जागी हुलकावणी बसवली, तर कथेचा उपरोध उलटा होतो. हलकं नाव घेऊन आलेला माणूस पुढे हलाखीत गेला, यात कुणाला धक्का बसणार? धक्का आहे तो भरून दिलेलं नशीब रिकामं निघण्यात. भाषांतरात नाव रुनथूच ठेवावं आणि बापाच्या तोंडी एकच शब्द वाढवावा: ‘अधिकमाती’. तो विचित्र वाटेल. पण तळटीपेत पाच ओळी देण्यापेक्षा वाक्यात एक विचित्र शब्द बरा, कारण वाचक तो पुढे सोबत घेऊन जातो.

चिनी अक्षरांतला आणखी एक योगायोग इथं नोंदवतो. रुनथूच्या नावातल्या ‘रुन’ला डावीकडे पाण्याचे तीन थेंब जोडले, की उच्चार तोच राहतो आणि अर्थ होतो ओलावा. हे दुसरं, ओलं ‘रुन’ माओ यांच्या ‘रुनझी’ या दुसऱ्या नावात आहे. ‘झे’ म्हणजे तळं आणि ‘रुन’ म्हणजे ओलावा, दोन्ही नावं एकमेकांना धरून आहेत. कथेतल्या शेतकऱ्याच्या वाट्याला कोरडं ‘रुन’ आलं. यामागे कुणाचा हेतू होता असं मी म्हणत नाही. पण देवनागरीत ही दोन्ही अक्षरं सारखीच दिसतात, आणि आपण चिनी वाङ्मय वाचताना काय काय न पाहता पुढे जातो, याचा हा छोटा नमुना आहे.

लेखक स्वतःसाठी नाव निवडतो तेव्हाही परंपरांमधला फरक दिसतो. ग्वो मोरुओ हे टोपणनाव दोन नद्यांच्या जुन्या नावांवरून घेतलेलं आहे, मो आणि रुओ, त्या कवीच्या सिचुआनमधल्या मुलखातल्या नद्या. पुढच्या काळात एका कवीने ‘ज्यांग ह’ हेच नाव घेतलं, अर्थ नद्या. मराठी कवीने टोपणनाव घेतलं तेव्हा पुष्कळदा नातं घेतलं. केशवसुत, गोविंदाग्रज, कुसुमाग्रज. कुणाचा मुलगा, कुणाचा थोरला भाऊ. तिकडे माणूस स्वतःला भूगोलात शोधतो, इकडे घरात. पाण्याची नावं मराठी पुरुषाला का अवघड जातात, याचं एक उत्तर यातही असावं.

मराठी घराशी जोडलेलं चिनी बाळाचं एक नाव आपल्या इतिहासात आहे आणि त्याकडे आपण नाव म्हणून कधी पाहिलं नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. पथकात पाच डॉक्टर होते. त्यांतले डॉ. चोळकर नागपूरचे. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होतं आणि आजचा हा दुर्गचा परिसर त्याच प्रांतात होता. पाचही जणांच्या चिनी नावांचं शेवटचं अक्षर ‘ह्वा’, म्हणजे चीन. कोटणीसांचं नाव झालं के दीह्वा. ‘के’ आणि ‘दी’ या दोन्ही अक्षरांत झाडाचं चिन्ह आहे, आणि ‘दी’ या झाडाला चिनी काव्यपरंपरेत भावांच्या प्रेमाचा अर्थ आहे. म्हणजे या नावात भाऊ आला होता. मराठीत आपण ‘के दीह्वा’ लिहिलं आणि भाऊ गळून पडला.

कोटणीसांनी तिथल्या परिचारिका ग्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. ऑगस्ट १९४२मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव सेनानी नी रोंगचन यांनी सुचवलं: यिनह्वा. ‘यिन’ भारतासाठी, ‘ह्वा’ चीनसाठी. या नावात पाणी नाही, कोणतंही तत्त्व भरून काढलेलं नाही. हे दुकालूच्या जातीचं नाव आहे, त्या वेळेची नोंद. ९ डिसेंबर १९४२ला कोटणीस गेले, मुलगा चार महिन्यांचाही नव्हता. तो मुलगाही १९६७ साली, पंचविशी गाठण्याआधीच गेला. व्ही. शांताराम यांच्या १९४६च्या चित्रपटाने कोटणीसांना घराघरांत पोचवलं. मुलाच्या नावातली दोन अक्षरं मात्र मराठीत कुणी फोडून दाखवली नाहीत. एखाद्या चरित्रात ‘यिनह्वा’ नंतर ‘भारत-चीन’ एवढा शब्द आला असता, तरी त्या बाळाच्या नावाचं वजन वाचकाला कळलं असतं.

पुन्हा पाण्याकडे. पाच तत्त्वांच्या चिनी क्रमात धातू पाण्याला जन्म देतो. म्हणून पाणी कमी असलेल्या मुलाच्या नावात पाण्याआधी धातूचं अक्षर घालण्याचीही रीत आहे. जिंताओ या नावात पहिल्या अक्षराला धातूचं चिन्ह आहे, दुसऱ्याला पाण्याचं. भिलाईत हा सिद्धांत वाचताना हसू येतं. इथं पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली, आणि तेव्हापासून पाण्याला जन्म देण्याऐवजी इथला धातू पाणी पीत आला आहे. ब्रिटिश काळात बांधलेल्या तांदुला जलाशयाचं पाणी आधी धानाच्या शेतीसाठी होतं, मग ते कारखान्यालाही आलं. ज्या गावांतून समारू आणि दुकालू आले, त्याच पाण्यावर पोलाद थंड झालं.

पोलादाने नावंही बदलली. देशभरातून माणसं आली, वसाहतीच्या शाळांत मुलं एकत्र बसली आणि बुधारूचा मुलगा राजेश झाला, नातू सागर. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर आहे. यावर उसासे टाकायची मला इच्छा नाही. दुकालू या नावातून गाव कळतं, गरिबी कळते, पुष्कळदा जातही कळते, आणि हजेरी घेणाऱ्याच्या आवाजात ते उमटतं. बापाने मुलाला त्यातून सोडवलं, हे योग्यच केलं. नोंद ठेवण्याचं ओझं पोराने का वाहायचं? सागर ही नोंद नाही, मागणीही फारशी नाही. ते इतरांसारखं नाव आहे, आणि इतरांसारखं असणं ही त्या बापाची गरज होती. त्याला चिनी यादीतला ‘हाय’ आवडला असता, तरी मी काही म्हटलं नसतं.

मात्र हाच न्याय वाङ्मयाला लावता येत नाही. छत्तीसगढच्या खेड्यावर हिंदीत लिहिलेली कथा मराठीत आणताना आपण ‘दुकालू’ जसंच्या तसं ठेवतो आणि ते एका गावठी माणसाचं मजेशीर नाव होऊन बसतं. मराठीत दुकाळ हा शब्द आहे, सुकाळही आहे. छत्तीसगढीत ‘ळ’ नाही, आपल्याकडे आहे. भाषांतरकाराने ‘दुकाळू’ एवढंच लिहिलं, तर एका अक्षराने पाऊस न पडलेलं ते वर्ष परत येतं, आणि माणूस त्याच्या गावातच राहतो. धोंडूने रुनथूचा अर्थ उलटा केला असता. ‘दुकाळू’ने तसं काही होत नाही, कारण दोन्ही भाषांत हे नाव एकच काम करतं. नाव मूळ आवाजात ठेवायचं की अर्थात आणायचं, या जुन्या वादात एकच नियम सगळीकडे लावण्याची सवय आपल्याला आहे. त्याऐवजी आधी विचारावं, की हे नाव मागतं आहे, नोंदवतं आहे की हुलकावणी देतं आहे. उत्तर प्रत्येक नावाला वेगळं मिळेल आणि भाषांतरही त्याप्रमाणे वेगळं करावं लागेल. भिलाईच्या हजेरीपटावर दुकालू आता क्वचितच दिसतो. पुढे तो कथेतच भेटेल, आणि तिथं त्याच्या नावातला दुष्काळ वाचता आला पाहिजे.